छातीवरची हळदीची खूण

तेव्हाची मी तुम्हाला नीट दिसावी म्हणून आधी तिचं ध्यान सांगते. पांढरी साडी, तिला पेजेची इतकी खळ की सायकलवर बसलं की ती कागदासारखी वाजायची. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. कॅरिअरला औषधांची पेटी. वय चोवीस, आणि जगातलं सगळं आपल्याला कळून चुकलंय असा चेहरा. ती पोरगी आज माझ्या दारात आली, तर मी तिला पाणी देईन, खाटेवर बसवीन आणि मग तिचा कान धरीन. उजवा. त्या कानाचंच सांगायचं आहे.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मुलचेऱ्यापलीकडच्या जंगलात माझं उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल आणि पत्र्यावर उड्या मारणारी माकडं. आसपासची सात गावं माझ्याकडे. बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, पोरांची वजनं घ्यायची आणि महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात मीटिंगला जायचं. सगळ्या गावांत मला नर्सबाई म्हणायचे. पहिल्यांदा कोणी 'नर्सबाई' म्हणून हाक मारली तेव्हा मी मुद्दाम ऐकलं नाही असं केलं, म्हणजे त्याने आणखी एकदा म्हणावं.

मी मूळची माजरीची. बाप कोळशाच्या खाणीत होता. घर दीक्षा घेतलेलं, त्यामुळे देव्हारा, गंडेदोरे, उतारे असलं काही मी लहानपणी पाहिलंच नाही. बाप सांगायचा, "कोणी म्हणलं ना अंगात आलं, त पयले थर्मामीटर लावून पाह्य." हे वाक्य मी नोकरीवर पेटीत घालून नेलं. वाक्य चांगलं होतं. फक्त मी थर्मामीटर लावायच्या आधीच ताप नाही असं सांगून मोकळी होत होते.

त्या सात गावांतल्या शेवटच्या गावात, जंगलाला लागून, एक गोंड कुटुंब राहायचं. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि चार महिन्यांची नात. म्हातारी मध काढायची. म्हणजे झाडावर मुलगा चढायचा, पण कुठल्या झाडावर चढायचं ते ती सांगायची. ऐनाच्या, मोहाच्या खोडाला कान लावायची, डोळे मिटायची, आणि आत ढोलीत माश्या आहेत की नाहीत, ते सांगायची. असल्या तर कुऱ्हाडीने सालीवर एक आडवी खाच करायची. याचा अर्थ, इथे मोहोळ आहे आणि ते आमचं आहे. नसल्या तर फुली मारायची. म्हणजे रिकामं, पुन्हा मेहनत करू नका. त्या भागात तिच्या खाचा सगळे मानायचे. हे मला माहीत होतं. मला ते गंमतीचंही वाटायचं. झाडांच्या बाबतीत.

उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीची पानं तोडायच्या, दिवसांत, सुनेने मला हाक मारली. "बाई, पोरगी दोन घोट पेते अन् सोडून देते. कपाळ भिजते. पांढरी पडते. मंग रडते, अन् रडता रडता थकून जाते."

मी वजन केलं. कमी होतं. मी कपाळाला आठ्या घातल्या, कारण त्या मला शोभतात असं तेव्हा वाटायचं.

"झोपून पाजत असशील."

"बसूनच पाजतो, बाई."

"मग उन्हात घेऊन जात असशील पत्ता तोडायला."

"सासूपाशी ठेवून जातो."

तेवढ्यात सासू पुढे आली. तिने पोरीचं झबलं वर केलं. छातीवर, मधल्या हाडाच्या जरा डावीकडे, हळदीची एक आडवी रेघ होती. म्हातारीने तिच्यावर बोट ठेवलं.

"बाई, इथी मोहोळ हाय. थांबतच नाई. ठोका नोहे, गुणगुण हाय. हात ठेव, हाताले मुंग्या येतेत. कान लावून पाह्य."

मी हसले. साधं नाही, नर्सिंगच्या शाळेत प्रमाणपत्र मिळाल्यासारखं. "आजी, मोहोळ झाडाला असते. माणसाला नसते."

"म्हणून त तुले बोलावलं ना. नसाले पाह्यजे थे हाय."

आता बघा. माझ्या पेटीत तेव्हा काय होतं? गरोदर बाईच्या पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायचा ॲल्युमिनियमचा कर्णा होता. त्याच सकाळी मी तो दोन बायकांच्या पोटाला लावला होता. तो काढून त्या रेघेवर टेकवायला किती वेळ लागला असता? पण ती रेघ हळदीची होती ना. हळद म्हटली की माझं डोकंच फिरायचं. मला ती रेघ म्हणजे जादूटोणा वाटली. मी पेटीतून कापूस काढला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि ती खूण पुसून टाकली. पोरगी गार लागून दचकली. मग मी अंगणात उभी राहून अंधश्रद्धेवर भाषण केलं. शेजारच्या घरच्या बायका जमल्या. भाषण बरं झालं असावं, कारण एक कोंबडीसुद्धा थांबून ऐकत होती. शेवटी पेटीतलं पोटाचं औषध दिलं आणि निघाले.

पंधरा दिवसांनी गेले, तर खूण पुन्हा त्याच जागी. मी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा गेले तेव्हाही होती. म्हातारी भांडत नव्हती. मी पुसायची, ती लावायची. मला वाटायचं, म्हातारी हट्टी आहे. हट्टी कोण होती ते आता सांगायला नको.

त्या तिसऱ्या वेळी सुनेने विचारलं, "बाई, चंद्रपूरले नेऊ काय हिले? अजून पाणी पडलं नाई, रस्ता चालू हाय."

मी म्हणाले, "कशाला? थोडं अपचन आहे. मी आहे ना."

'मी आहे ना.' हे तीन शब्द मी आयुष्यात पुष्कळ जणांना म्हणाले. प्रत्येक वेळी मला ते अंगण आठवतं.

मग पाऊस लागला. नाले भरले की ते गाव बाकीच्या जगापासून तुटायचं. साडेतीन-चार महिने तिकडे ना जीप जायची ना माझी सायकल. मी उपकेंद्रात पत्र्यावरच्या पावसाखाली बसून अहवाल भरत होते. पलीकडे ती पोरगी रोज दोन घोट पिऊन घामाघूम होत होती. हे मी तेव्हा मनातही आणलं नाही. आणलं असतं तर गोष्ट थोडी कमी लाजेची झाली असती.

पाऊस उघडल्यावर पहिली मीटिंग. मीटिंगनंतर आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात चहा व्हायचा आणि आम्ही नर्सा आपापल्या गावच्या गमती सांगायचो. माझी गंमत ठरलेली होती. पावसाळ्याआधी दोनदा सांगून झाली होती, दोन्ही वेळा जोरात चालली होती. त्या दिवशी एक नवीन डॉक्टर आले होते, कोवळे, चष्मेवाले. नवा श्रोता मिळाला म्हणून मी अगदी साभिनय सांगितली. म्हातारीसारखी कंबर वाकवली, खांबाला कान लावला, डोळे मिटले आणि तिच्या आवाजात म्हणाले, "मोहोळ हाय, बाई, मोहोळ!" सगळ्या हसल्या. कंपाउंडरला ठसका लागला.

नवीन डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"आवाज थांबत नाही म्हणाली ती?"

"हो ना सर! ठोका नाही म्हणे, नुसती गुणगुण. वर हाताला मुंग्यासुद्धा येतात म्हणे!" मी अजून हसतच होते.

"आणि दूध पिताना घाम येतो? पांढरी पडते?"

"हो सर."

"वजन?"

मी वजन सांगितलं. सांगता सांगता माझं हसू कुठे गेलं ते मलाच कळलं नाही.

"तुम्ही ऐकलंत का छातीवर?"

माझा एक हात अजून खांबावर होता, म्हातारीच्या नकलेतला. तो मी काढून घेतला. "नाही सर," मी म्हणाले. कंपाउंडरचा ठसकासुद्धा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आणि मला घेऊन जीप त्या गावी निघाली. नऊ महिन्यांची पोरगी पाच महिन्यांएवढी दिसत होती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. सुनेने माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरांनी झबलं वर केलं. हळदीची रेघ तिथेच होती, ताजी. त्यांनी स्टेथोस्कोप त्या रेघेवर ठेवला आणि बराच वेळ ऐकलं. मग डावीकडे, उजवीकडे, वर सरकवला आणि पुन्हा रेघेवर आणला.

"आवाज सगळ्यात मोठा बरोबर इथेच आहे," ते म्हणाले. "खूण कोणी केली?"

"मी केली," म्हातारी म्हणाली. "हे बाई पुसून टाकते, मी पुन्हा लावतो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ऐका." मी तो घाईघाईने कानात घातला आणि लाजेच्या भरात उलटा घातला. नळ्यांची टोकं मागच्या बाजूला. काहीसुद्धा ऐकू येईना, माझंच डोकं धडधडत होतं. पुन्हा नीट घालून ऐकायला तोंड कुठे होतं? मी म्हणाले, "हो सर. आहे." हे माझं पहिलं खोटं.

मग चंद्रपूर, नागपूर, तिथल्या तपासण्या, आणि शेवटी मुंबई, कारण असं ऑपरेशन तेव्हा आमच्याकडे होत नव्हतं. पोरीचा बाप बल्लारशापर्यंत आला आणि धानाची कापणी होती म्हणून मागे फिरला. पुढे सून, म्हातारी आणि मी. त्यांची गोंडी मला थोडी यायची, म्हणून डॉक्टरांनी मला सोबत पाठवलं. मी सगळ्यांना सांगितलं की मला पाठवलं. खरं म्हणजे मीच हात जोडले होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आजार समजावला. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते देणाऱ्या नळीला या पोरीच्या जन्मापासूनच एक आडवी वाट फुटलेली होती. रक्त हृदयाच्या मांसात जायच्या ऐवजी त्या वाटेने थेट उजव्या कप्प्यात सांडत होतं, सारखं, न थांबता. तीच गुणगुण. दूध ओढायची मेहनत केली की हृदयाला जास्त रक्त हवं, आणि तेव्हाच ते कमी पडायचं. म्हणून घाम, म्हणून रडणं. तिची छाती दुखत होती, आणि मी तिला पोटाचं औषध दिलं होतं.

म्हातारीला मी बांधीचं, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्याचं, उदाहरण दिलं. तिकडे बांधाला धुरा म्हणतात. "धुऱ्याला भोक पडलंय आजी. शेवटच्या बांधीचं पाणी नाल्यात जातंय."

"मंग धुरा बांधाचा," ती म्हणाली. तिला दोन मिनिटं लागली. मला पाच महिने लागले होते.

मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे सर्जन आले. मागे दहा-बारा विद्यार्थी. त्यांनी पोरीची छाती तपासली आणि खिशातून पेन काढून आवाज सगळ्यात मोठा होता तिथे एक निळी रेघ ओढली, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेक करून तिथेच ऐकावं. म्हातारी खाटेजवळ जमिनीवर बसली होती. ती रेघ पाहून तिने मला कोपराने ढोसलं. "हा डाक्टर हुशार हाय. खूण करून राह्यला. पुसू नको हं!"

सुनेला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात सर्जननी सोबतचं पत्र वाचलं. त्यात सरकारी भाषेत एवढंच लिहिलं होतं की उपकेंद्र पातळीवर आवाज लक्षात आला. त्यांनी वर पाहिलं. "उपकेंद्राच्या नर्स तुम्हीच ना? म्हणजे हे तुम्ही ओळखलंत? जंगलात, काही साधन नसताना?"

दहा-बारा तरुण चेहरे माझ्याकडे वळले. म्हातारी माझ्या पायाशी होती, माझ्या साडीचा काठ तिच्या खांद्याला लागत होता. मी म्हणाले, "हो."

"शाबास," सर्जन म्हणाले. मग ते विद्यार्थ्यांना इंग्रजीत काहीबाही सांगत राहिले. त्यात माझंच कौतुक होतं, इतपत मला कळत होतं.

म्हातारीने विचारलं, "काय म्हणते थो?"

मी गोंडीत सांगितलं, "पोरगी बरी होईल म्हणतात."

तिने समाधानाने मान हलवली आणि सर्जनच्या दिशेने हात जोडले. तुम्हाला सांगते, त्या वेळी मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. शाबासकी गोड लागली होती. लाज नंतर आली, जेवणाच्या वेळी, म्हातारीने तिच्या वाटणीची केळी माझ्यापुढे ठेवली तेव्हा.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. आम्ही तिघी जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिलो. म्हातारीने पदराच्या गाठीत हळदीचा तुकडा आणला होता, तो ती बोटांनी चाचपत होती. एकदा सुनेने मला विचारलं, "पाण्याच्या आंधी आणलं असतं त?" ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पुन्हा दाराकडे पाहू लागली.

दुपार कलल्यावर सर्जन बाहेर आले. टोपीखाली घामाची रेघ उमटली होती. "नळीवर बोट दाबलं की सगळा आवाज बंद," ते म्हणाले. "तिथेच गाठी मारल्या. पोरगी चिवट आहे." मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय फार ताणलंय. काही महिने आधी आली असती तर एवढा धोका पत्करावा लागला नसता. पण तिकडच्या लोकांना काय सांगणार? तुम्ही होतात म्हणून आली तरी."

मी बाकाकडे परत गेले.

पोरगी वाचली. महिनाभराने आम्ही परतलो. ती आता सलग दूध प्यायची, शेवटपर्यंत, आणि पिऊन झोपायची. गावात शिरल्यावर म्हातारीने आधी काय केलं असेल? अंगणात मांडी घालून बसली, नातीला आडवी घेतली आणि टाक्यांच्या वणाशेजारी कान लावून डोळे मिटले. मग म्हणाली, "उडालं मोहोळ." ढोल नव्हता, पण लोकांनी हाताला मिळेल ते वाजवलं.

गोष्ट इथे संपवून टाकायचा मोह मला पुष्कळ वर्षं होत होता. नातवंडांना सांगताना मी ती इथेच संपवायची.

पण मुंबईच्या सर्जननी जिल्ह्याला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. ते चष्मेवाले डॉक्टर तोवर बदलून गेले होते, त्यामुळे खरं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. उरले होते ते व्हरांड्यात माझ्याबरोबर हसलेले. उन्हाळा लागला तसा माझा सत्कार ठरला. शाल, नारळ, मांडव. एका साहेबांनी भाषणात सांगितलं की या तरुण भगिनीने अंधश्रद्धेच्या अंधारात विज्ञानाचा कान लावला. विज्ञानाचा कान! समोर पहिल्या रांगेत म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती. मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "हे माझं कर्तव्यच होतं," असं म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर आठ दिवस मी त्या गावी गेले नाही. नवव्या दिवशी लसीकरण होतं, जावंच लागलं. शाल पिशवीत घातली. पोरांना सुया टोचून झाल्यावर म्हातारीच्या अंगणात गेले. ती मोहफुलं वाळत घालत होती, पोरगी चटईवर लोळत होती. मी शाल तिच्यापुढे ठेवली.

"हे तुझं आहे आजी. मुंबईच्या डॉक्टरला मी सांगितलं, आवाज मी ऐकला. साहेबालाही तेच. मी ऐकला नव्हता. तू ऐकला होतास. मी हसले होते."

तिने शाल उलटीपालटी करून पाहिली. "उन्हाळ्यात काय करू इले?" म्हणाली आणि तिच्यावर मोहफुलं पसरायला लागली. मग हात थांबवून विचारलं, "मंग कवा ऐकला तू?"

"कधीच नाही."

"त्या दुर्बिणीनं बी नाई?" स्टेथोस्कोपला ती दुर्बीण म्हणायची.

"उलटी घातली होती."

ती हसली. अशी हसली की सून आतून धावत बाहेर आली. म्हातारीने तिला गोंडीत सगळं सांगितलं आणि माझी नक्कल केली, अगदी उलट्या स्टेथोस्कोपसकट. सून हसली नाही. तिने पोरीला उचललं आणि माझ्यासमोर धरलं. "आता ऐक," ती म्हणाली.

मी वाकले. वणाच्या बाजूला उजवा कान टेकवला. पोरीने माझे केस धरले. आत नुसते ठोके होते, लहान, घाईचे, एकापाठोपाठ एक. मध्ये शांतता होती. मी पुष्कळ वेळ ऐकलं. ते मोहोळ मला ऐकू यायला हवं होतं, एकदा तरी. ज्याच्या नावावर मी शाल घेतली ते कसं वाजत होतं, ते मला ठाऊकच नव्हतं, आणि आता कधी ठाऊक होणारही नव्हतं.

मी सरळ झाले तशी म्हातारीने माझा तोच कान धरून मला जवळ ओढलं. दुसऱ्या हाताने पदराची गाठ सोडली, हळदीचा तुकडा थुंकीत ओला केला आणि कानाच्या पाळीवर दोन रेघा ओढल्या, एकीवर एक आडवी.

"हे काय आजी?"

"फुली," ती म्हणाली. "रिकामं झाड हाय. लोकाईले मालूम असाले पाह्यजे."

उपकेंद्रावर जाताना वाटेत तीन गावं लागायची. माझ्या पेटीत स्पिरिट होतं, कापूसही होता. लोक विचारत होते, "नर्सबाई, कानाले काय झालं?" मी पिवळा कान घेऊन तिन्ही गावांतून सायकल चालवत गेले, आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला थांबून सांगितलं.